ब्लास्केटचे शेवटचे बावीस

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी मेसेज आला. आजची बोट रद्द.

खिडकीचा पडदा सरकवून बघितलं तर बाहेर लख्ख ऊन. आयर्लंडमध्ये असं ऊन पडलं की ऑफिसातले लोक अर्धी रजा टाकतात. समोर समुद्र आणि समुद्रात ते बेट, अगदी हाकेच्या अंतरावर वाटावं असं. वारा म्हणावा तर दोरीवरचे कपडेसुद्धा धड हलत नव्हते. डब्लिनहून साडेतीनशेहून जास्त किलोमीटर गाडी हाणत आम्ही आलो ते याच बेटासाठी, आणि हे लोक म्हणतात रद्द!

नाश्त्याच्या टेबलावर मी कुरकुर केलीच. आमच्या बी अँड बीच्या मालकीणबाई (सत्तरीच्या पुढच्या असाव्यात, पण चालणं आमच्यापेक्षा तुरुतुरु) चहाची किटली ठेवत शांतपणे म्हणाल्या, "वाऱ्याकडे काय बघताय, लाटेकडे बघा. दोन दिवसांपूर्वी लांब कुठेतरी वादळ झालं असेल, त्याची लाट आज इथे पोचली. बोट जाईल हो, पण तुम्हाला उतरवणार कुठे?"

बेटावर मोठी बोट लागेल असा धक्काच नाही. बोट बाहेर उभी राहते आणि रबरी डिंगीतून खडकांमधल्या एका चिंचोळ्या उतारावर उतरायचं. समुद्र जरा फुगला की उतरणं बंद.

"असंच असतं इथे," बाई म्हणाल्या. "पूर्वी तर आठवडेच्या आठवडे जायचे."

मला वाटलं, बाई टुरिस्टांची समजूत घालतायत. त्यांनी बेटाचा अख्खा इतिहास दोन वाक्यांत सांगून टाकला होता हे कळायला दुसरा दिवस उजाडावा लागला.

तर मंडळी, जागा कुठली ते सांगतो. आयर्लंडच्या नकाशात नैऋत्येच्या कोपऱ्यात चार-पाच बोटं अटलांटिकमध्ये खुपसल्यासारखी दिसतात. त्यातलं एक बोट म्हणजे केरी काउंटीमधलं डिंगल द्वीपकल्प. त्याच्या पार टोकाला डनक्विन नावाचं विखुरलेलं गाव, आणि त्याच्यापुढे पाण्यात ब्लास्केट बेटं. त्यातलं मोठं ते ग्रेट ब्लास्केट: सहा किलोमीटर लांब, जेमतेम एक किलोमीटर रुंद, मधोमध २९२ मीटर उंचीचा डोंगर. १९१६ मध्ये इथे १७६ माणसं राहत होती. १९५३ मध्ये २२ उरली, आणि त्यांनी सरकारला सांगून बेट सोडलं. आज तिथे गाव नाही, गावाच्या भिंती आहेत.

मे महिन्याच्या पहिल्या सोमवारी इथे बँक हॉलिडे असतो. शनिवार बोटीचा ठरला होता, तो गेला. बायको म्हणाली, "चल, तोंड पाडून बसू नकोस, गाडी काढ." गाडी काढली.

डनक्विनच्या आसपास स्ली हेड ड्राइव्ह म्हणून एक रस्ता आहे. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दरी आणि समुद्र, आणि मध्ये आपल्या आंबोली घाटाची आठवण यावी असा अरुंद डांबरी पट्टा. मोठ्या बसेस घड्याळाच्या काट्याच्या दिशेने जातात, तुम्हीही त्याच दिशेने जावं असा सल्ला असतो. आम्ही डनक्विनहून उलटे निघालो नाही हे शहाणपण बायकोचं. माझं नव्हे.

या रस्त्यावर दर दोन किलोमीटरला काहीतरी 'ऐतिहासिक' आहे. सगळं सांगत बसलो तर पोस्ट संपणार नाही. गॅलरसचं प्रार्थनामंदिर मात्र चुकवू नका. चुना नाही, माती नाही, नुसते दगड एकावर एक थोडे थोडे आत सरकवत नेऊन वरती मिटवलेले, उलटी ठेवलेली होडीच जणू. नेमकं कधीचं यावर अभ्यासकांचं एकमत नाही, पण आठशे-हजार वर्षं पावसात उभं आहे आणि आतून कोरडं आहे. (आमच्या डब्लिनच्या भाड्याच्या फ्लॅटचं छत चौथ्या वर्षी गळायला लागलं. असो.) दुसरीकडे डनबेगचा किल्ला अगदी कड्याच्या टोकावर आहे, आणि जानेवारी २०१४ च्या वादळात त्याचा काही भाग सरळ समुद्रात गेला. दोन-अडीच हजार वर्षांच्या आसपासचं बांधकाम आणि एका रात्रीची लाट!

एका ठिकाणी मात्र आम्ही गप्प झालो. स्मेरिकच्या खाडीवर 'डून अन ओर' म्हणजे सोन्याचा किल्ला म्हणतात अशी जागा आहे. किल्ला कसला, गवताने झाकलेले मातीचे दोन-चार उंचवटे. १५८० मध्ये मन्स्टर प्रांतात राणी एलिझाबेथविरुद्ध बंड चालू होतं. बंडखोरांच्या मदतीला पोपने पाठवलेले सुमारे सहाशे इटालियन आणि स्पॅनिश सैनिक इथे उतरले. नोव्हेंबरमध्ये लॉर्ड ग्रेच्या इंग्रज फौजेने जमिनीवरून आणि समुद्रातूनही वेढा घातला. तीन दिवसांत आतल्यांनी शस्त्रं खाली ठेवली, आणि शस्त्रं खाली ठेवल्यावर त्यांना कापून काढलं. सरदारांपैकी काहींना खंडणीसाठी वाचवलं, बाकी जवळजवळ सगळे गेले. जवळच्या एका शेताचं नाव आजही 'मुंडक्यांचं शेत' असं आहे. आता तिथे एक स्मारक आहे, दगडात कोरलेले चेहरेच चेहरे.

या फौजेतला एक कॅप्टन म्हणजे वॉल्टर रॅले. आपल्याला शाळेत राणीच्या पायाखाली झगा अंथरणारा म्हणून माहीत असलेला. आणि लॉर्ड ग्रेचा सेक्रेटरी होता एडमंड स्पेन्सर, 'फेअरी क्वीन' वाला महाकवी. त्याने पुढे या कत्तलीचं समर्थनही केलं. दोघांनाही नंतर याच प्रांतात जप्त केलेल्या जमिनी मिळाल्या.

इतिहास म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर हेच येतं: वेढा, कत्तल, सन-सनावळ्या. मीही दुपारपर्यंत याच मूडमध्ये होतो. नंतर डनक्विनला परत आलो आणि ब्लास्केट सेंटरमध्ये शिरलो. १९९३ मध्ये उघडलेलं हे म्युझियम आहे, बेटाच्या अगदी समोर. तिथे एका गावाचा शेवट बघायला मिळाला ज्यात तलवार नाही, शत्रू नाही, आणि दोषी कोण म्हणावं तेही ठरत नाही.

आधी या बेटाचं कौतुक कशाला ते सांगायला हवं. कारण दीडशे-पावणेदोनशे कोळ्यांची वस्ती उठणं यात तसं काय विशेष? तर विशेष हे, की या वस्तीने पुस्तकं लिहिली.

तोमास ओ क्रोहन (आयरिशमधला उच्चार थोडा वेगळा आहे, पण मला जमत नाही, तुम्हालाही जमणार नाही) हा बेटावरचा कोळी. जन्म १८५० च्या दशकातला. बेटावरच्या शाळेत शिकवायचे इंग्रजीत, घरी बोलायचे आयरिश. म्हणजे हा माणूस लिहायला-वाचायला शिकला ती परकी भाषा, आणि स्वतःची भाषा वाचता येत नव्हती. चाळिशीच्या आसपास तो ती शिकला. कशी? तर डनक्विनला काही कामाला आला की समुद्र खवळायचा आणि परत जाता यायचं नाही. अडकून पडायचा. ज्या घरी मुक्काम, तिथली शाळकरी पोरं आयरिश पुस्तकं वाचायची, त्यांच्याकडून हा अक्षरं शिकला.

हे वाचलं आणि मी म्युझियमच्या त्या मोठ्या काचेतून बेटाकडे बघितलं. बोट रद्द झाल्यावर मी सकाळी काय केलं होतं? कुरकुर.

१९१७ मध्ये ब्रायन ओ केली नावाचा एक जण आयरिश शिकायला बेटावर आला. त्याने तोमासला गॉर्की आणि पिएर लोती यांची पुस्तकं वाचून दाखवली. हेतू हा, की बघ, ही तुझ्यासारखीच शेतकरी आणि कोळी माणसं आहेत, तूही लिही. तोमासने आधी रोजनिशी लिहिली, मग आत्मचरित्र. 'बेटवासी' अशा अर्थाच्या नावाचं ते आत्मचरित्र १९२९ मध्ये आलं. ब्रिटिश म्युझियममध्ये हस्तलिखितं सांभाळणारा रॉबिन फ्लॉवर दर उन्हाळ्यात बेटावर यायचा. त्याने १९३४ मध्ये त्याचं इंग्रजी केलं. या फ्लॉवरची राखसुद्धा १९४६ मध्ये याच बेटावर विखुरली.

मी इंग्रजी भाषांतर तिथेच घेतलं आणि रात्री निम्मं संपवलं. कोरडं पुस्तक आहे. कोरडं म्हणजे कंटाळवाणं नव्हे. तोमासला दहा मुलं झाली, बरीचशी मोठी व्हायच्या आत गेली. एक पोरगा कड्यावरून पडला, काही आजाराने. एक मुलगा १९०९ मध्ये समुद्रात बुडणाऱ्या एका पाहुण्या मुलीला वाचवायला गेला आणि तिच्याबरोबर बुडाला. हे सगळं तो ज्या सुरात सांगतो त्याच सुरात मासळीचा भाव सांगतो. आपल्यासारखी माणसं यापुढे असणार नाहीत हे त्याला दिसत होतं आणि म्हणून तो लिहून ठेवत होता. बस्स.

त्याच्यानंतर पेग सेयर्स. लग्न होऊन १८९२ मध्ये बेटावर आलेली बाई. तिला अमेरिकेला जायचं होतं. मैत्रीण तिकिटाचे पैसे पाठवणार होती, तिला तिकडे अपघात झाला, पैसे आले नाहीत, म्हणून ही बेटावर नांदायला गेली. आयरिश लिहिता येत नव्हती, पण गोष्टी शेकड्यांनी तोंडपाठ. तिने सांगितलं आणि मुलाने लिहून घेतलं. पुस्तक १९३६ चं. ते पुढे कित्येक दशकं आयरिश शाळांमध्ये अभ्यासाला होतं, त्यामुळे माझ्या ऑफिसमधल्या चाळिशीच्या पुढच्या प्रत्येक आयरिश माणसाला पेगचं नाव काढलं की कपाळावर आठ्या येतात. :) सक्तीने वाचायला लावलं की काय होतं हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

तिसरा मॉरिस ओसलिव्हन. त्याचं 'वीस वर्षांची वाढ' अशा अर्थाच्या नावाचं पुस्तक १९३३ मध्ये आलं. इंग्रजी भाषांतराला ई. एम. फॉर्स्टरने प्रस्तावनेची टिपण्णी लिहिली. त्यालाही अमेरिकेला जायचं होतं. ग्रीक भाषेचा अभ्यासक जॉर्ज थॉम्सन त्याचा दोस्त, त्याने थांबवलं. मग तो पोलिसात गेला, म्हणजे बेट सुटलं ते सुटलंच.

तीन माणसं, त्यातली दोन अमेरिकेच्या वाटेवरून काही कारणाने परत फिरलेली. उरलेले बहुतेक फिरले नाहीत. ब्लास्केटची माणसं गेली ती मुख्यतः मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डला. तिथे एका मोहल्ल्यात इतकी केरीची माणसं होती की आयरिश बोलत दिवस काढता यायचा.

इथे एक छोटं विषयांतर करतो. १८९९ मध्ये आयर्लंडच्या माध्यमिक शाळांत आयरिश शिकवावी का यावर एक आयोग बसला होता. त्याच्यापुढे ही भाषा आणि तिचं साहित्य शिकवण्याच्या लायकीचं नाही अशी साक्ष दिली ती डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या रॉबर्ट अ‍ॅटकिन्सनने. हा प्रोफेसर कसला? संस्कृतचा! आणि त्याचा शिष्य कोण? जॉर्ज ग्रिअर्सन, डब्लिनजवळ जन्मलेला. भारतातल्या शेकडो भाषा-बोलींचं सर्वेक्षण करणारा, ज्याच्या सातव्या खंडात मराठी आणि कोकणी आहेत. म्हणजे चित्पावनी आणि कुडाळीचे नमुने प्रेमाने गोळा करणाऱ्या माणसाचा गुरू, स्वतःच्या अंगणातल्या भाषेला नाक मुरडत होता. ट्रिनिटीवरून माझी ऑफिसची बस रोज जाते. आता जाताना जरा वेगळं वाटतं. असो, विषयांतर संपलं.

रविवारी सकाळी मेसेज आला नाही. आम्ही धावत धक्क्यावर.

डनक्विनचा धक्का फोटोंमुळे प्रसिद्ध आहे: कड्याच्या पोटातून नागमोडी उतरत जाणारी काँक्रीटची वाट. वाटेत 'नेव्होग' पालथ्या घालून ठेवलेल्या दिसतात. ही इथली होडी. लाकडी पट्ट्यांचा सांगाडा, त्यावर डांबर फासलेलं कॅनव्हास. इतकी हलकी की तीन-चार जण डोक्यावर उचलून चालू लागतात, आणि चालायला लागली की खालून पाय फुटलेला काळा किडा दिसतो. याच होडीतून बेटावरची माणसं बाजाराला आली, बाप्तिस्म्याला आली, लग्नाला आली आणि शेवटी दफनाला आली. बेटावर ना चर्च होतं, ना पाद्री, ना डॉक्टर, ना दुकान. (पबसुद्धा नाही. आयर्लंडमध्ये!)

मधली सामुद्रधुनी दिसते साधी पण आहे वाईट. १५८८ मध्ये स्पॅनिश आरमाराची 'सांता मारिया दे ला रोसा' इथेच बुडाली आणि तिचे अवशेष १९६० च्या दशकाच्या शेवटी पाणबुड्यांना सापडले. आमच्या बोटीला दोन इंजिनं होती, तरी बायकोने माझा दंड सोडला नाही.

उतरल्यावर चढ. डोंगराच्या उताराला चिकटलेलं गाव, किंवा गावाचे सांगाडे. जुनी घरं उतारात पाठ खुपसून बसलेली, वारा वरून निघून जावा म्हणून. एक खोली, फार तर दोन. वरच्या अंगाला जरा ऐसपैस, स्लेटच्या छताची घरं दिसतात. १९०७ मध्ये एका सरकारी मंडळाने बेट जमीनदाराकडून विकत घेतलं, जमिनीचे तुकडे एकत्र करून वाटून दिले आणि ही घरं बांधली. पेग त्यातल्याच एका घरात राहायची. म्हणजे सरकारने काहीच केलं नाही असं नाही. जमीन मिळाली, घरं मिळाली. मग झालं काय?

मी एका पडक्या भिंतीवर बसून सँडविच खाता खाता हिशेब मांडत होतो. खाली पांढऱ्या वाळूवर करड्या रंगाचे सील पोत्यांसारखे पसरले होते. बेटावरचं गणित माझ्या मते असं होतं. नेव्होग वल्हवायला तीन ते चार दणकट माणसं लागतात. मासेमारी, शेवंडं पकडणं, पीठ-चहा-तंबाखू आणणं, आजाऱ्याला नेणं, सगळं या होडीवर. बेटावर ५० माणसं असोत की १७०, होडीला लागणारी माणसं तितकीच. आता एक तरुण अमेरिकेला गेला. त्याचं बरोबरच होतं. दुसरा गेला, त्याचंही बरोबर. मुली तर आधी जायच्या. एक बहीण गेली की ती दुसरीच्या तिकिटाचे पैसे पाठवायची. मुली गेल्या म्हणजे लग्नं थांबली, लग्नं थांबली म्हणजे मुलं थांबली, आणि मुलं नाहीत म्हणून १९४१ मध्ये शाळा बंद झाली. या साखळीत चुकीचा निर्णय एकाचाही नाही. पण एक दिवस असा येतो की खराब हवेत होडी काढायला पुरेसे खांदेच नाहीत. सोसायटीच्या मीटिंगला कोरम भरत नाही तसं. माणसं आहेत, पण ठराव होऊ शकत नाही.

तो दिवस १९४६-४७ च्या हिवाळ्यात आला. शॉनीन ओ कार्ना नावाचा २४ वर्षांचा मुलगा आजारी पडला. मेंदूज्वर होता, पण ते सांगायला डॉक्टर हवा ना. समुद्र खवळलेला, बेटावरचा बिनतारी टेलिफोन बंद पडलेला. ना डॉक्टर येऊ शकला, ना पाद्री. मुलगा गेला. त्याची शवपेटीसुद्धा पलीकडून आणायची होती, त्याच समुद्रातून. त्याच्या भावंडांपैकी बरेच जण पुढे अमेरिकेत गेले, आणि बेटावर राहायचं की नाही हा प्रश्न उरलेल्यांच्या मनात तिथेच मिटला.

एप्रिल १९४७ मध्ये वादळाने पुन्हा अडकल्यावर त्यांनी थेट पंतप्रधान डी व्हॅलेरांना तार केली: खायला काही नाही, अन्न पाठवा. अन्नाची बोट गेली. जुलैमध्ये डी व्हॅलेरा स्वतः बेटावर आले. हा माणूस आयरिश भाषेचा कट्टर अभिमानी, खेड्यातलं साधं आयरिश जीवन हे त्याचं स्वप्न, आणि त्या स्वप्नातलं खेडं त्याला सांगत होतं की आम्हाला इथून हलवा. त्या भेटीत एकमेकांकडे बघताना दोन्ही बाजूंना काय वाटलं असेल, याचा विचार मी बराच वेळ करत होतो.

मग समित्या, अहवाल, सर्वे, पत्रव्यवहार. सरकार बदललं, परत बदललं. सहा वर्षं गेली. (सहा वर्षं! पलीकडच्या किनाऱ्यावर मोजक्या घरांची सोय करायची होती.) शेवटी १७ नोव्हेंबर १९५३ हा दिवस ठरला. त्या दिवशीसुद्धा समुद्र खवळलेलाच होता, आणि बेट पूर्ण रिकामं व्हायला १९५४ उजाडलं.

या मधल्या काळात बेटावर एकच लहान मूल होतं. त्याच्या वयाचं दुसरं कुणीच नाही, खेळायला म्हातारी माणसं आणि मेंढ्या. १९४९ च्या सुमारास त्याच्यावर वर्तमानपत्रात लेख आला, 'जगातला सर्वात एकटा मुलगा' अशा थाटाचा. जगभरातून खेळणी आली, पत्रं आली, दत्तक घेतो म्हणून विचारणा आली. तो मोठा झाल्यावर मात्र म्हणाला की मी मुळीच एकटा नव्हतो, आख्खं गाव माझं लाड करत होतं. वर्तमानपत्रवाल्यांना हे विचारायचं सुचलं नसावं.

बेट ओस पडल्यावर त्याची किंमत वाढली, हा पुढचा भाग. जमिनीचा बराचसा हिस्सा बाहेरच्या लोकांनी विकत घेतला. १९८९ मध्ये सरकारने बेटाला राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान करायचा कायदा केला: जमीन ताब्यात घ्यायची, पण १९५३ च्या आधी बेटावर राहिलेल्यांची आणि त्यांच्या वंशजांची सोडून. नंतरचे मालक कोर्टात गेले. १९९९ मध्ये सुप्रीम कोर्टाने कायदा रद्दच केला. कारण काय, तर वंशावरून नागरिकांमध्ये भेद करता येत नाही. कायदा म्हणून मला हे पटतं. भिंतीवर बसून मात्र पटत नव्हतं. पुढे सरकारने बेटाचा मोठा भाग विकतच घेतला.

आणि २०२० च्या जानेवारीत, उन्हाळ्यात बेटावरची दोन-चार घरं आणि कॉफीचं छोटं दुकान सांभाळायला एक जोडपं पाहिजे अशी जाहिरात निघाली. वीज नाही, गरम पाणी नाही, वाय-फाय नाही. जगभरातून हजारो अर्ज आले! मलाही तेव्हा कुणीतरी ती लिंक फॉरवर्ड केली होती, आणि मी बायकोला म्हणालोही होतो, "काय मस्त ना?" तिने तेव्हा विचारलं होतं, "नोव्हेंबरमध्ये कोण राहणार?" जाहिरात अर्थातच नोव्हेंबरची नव्हती.

परतीची बोट चारची होती. तोवर गावाच्या वरच्या वाटेने जितकं जमेल तितकं चाललो. पश्चिमेला नुसता अटलांटिक. पूर्वेला मुख्य भूमी इतकी स्वच्छ दिसत होती की आमची बी अँड बीची पांढरी भिंत ओळखता आली. बेटावरून उठलेल्यांना घरं दिली ती तिथेच, समोरच्या किनाऱ्यावर. म्हणजे दार उघडलं की समोर आपलं जुनं घर. छत हळूहळू खाली येताना रोज बघायचं.

मला यंदाच्या शिमग्याची आठवण झाली. आमचं गाव राजापूर तालुक्यात. काकाने फोनवर सांगितलं होतं की पालखी एक दिवस थांबवावी लागली, मुंबईची गाडी उशिरा पोचली आणि तोवर खांद्याला माणसं कमी पडत होती. मी तेव्हा हसलो होतो आणि गुगल पेवरून वर्गणी पाठवली होती.

भाषेचं काय झालं? २०२२ च्या जनगणनेत आयर्लंडमध्ये सुमारे १८ लाख ७४ हजार लोकांनी आपल्याला आयरिश बोलता येते असं सांगितलं. शाळा-कॉलेजाबाहेर रोज बोलणारे सुमारे ७२ हजार. डनक्विन आजही आयरिश बोलणाऱ्या भागात येतं, आणि ते टिकवण्यासाठी इथली माणसं भांडलेली आहेत. १९७० मध्ये सरकारने गावची शाळा बंद केली, तर लोकांनी ती आपली आपण चालवली आणि १९७३ मध्ये परत सुरू करायला लावली. याच गावात त्याच्या वर्षभर आधी हॉलिवूडवाले 'रायन्स डॉटर' च्या शूटिंगसाठी एक अख्खं खोटं गाव बांधून गेले होते, आणि त्यातली खोटी शाळा कड्यावर अजून उभी आहे, बिनछताची. खरी शाळा बंद पडणार आणि खोटी उभी राहणार, असं कुणी कादंबरीत लिहिलं असतं तर मी म्हटलं असतं, जरा अतीच होतंय.

धक्क्यावर उतरलो तेव्हा पाच वाजत आले होते. चढ चढताना दम लागला. याच चढावरून बेटाची माणसं पेट्या खांद्यावर घेऊन दफनभूमीकडे गेली. पेगचं थडगंही वर गावातच आहे. ती १९४२ मध्येच बेट सोडून परत आली होती आणि १९५८ मध्ये डिंगलच्या हॉस्पिटलात वारली. थडग्यापाशी उभं राहिलं की बेट समोर दिसतं.

मालकीणबाई दारातच भेटल्या. "उतरायला मिळालं ना?"

"मिळालं," मी म्हणालो. मग धीर करून विचारलं, "तुमच्या घरचं कुणी होतं का तिकडे?"

"आजी तिकडची," त्या म्हणाल्या, आणि लगेच विषय बदलून समुद्राकडे बघायला लागल्या. "नशीबवान आहात. परत फुगायला लागलाय. उद्याची बोट नाही जायची."